पाकीट कसलं, कुकरच तो!

शिमग्यात शिजलेली फणसाची भाजी मी दिवाळीत खाल्ली! फ्रीजमध्ये न ठेवता, प्रिझर्व्हेटिव्हचा थेंब नसताना. पाऊचचं तोंड कापलं तर आत काळे वाटाणे सबंध, गऱ्यांचे तुकडे अख्खे. रत्नागिरीच्या मावसभावाला लगेच फोन लावला. "दादा, ही कसली जादू?" तो म्हणाला, "मे महिन्यात ये, दाखवतो."

गेले. त्याच्या कारखान्यात कॅनिंगच्या आंब्याची धांदल चालली होती, पण माझं लक्ष कोपऱ्यातल्या रिटॉर्टवर. आडवं पोलादी पिंप, त्यात जाळीच्या ट्रेवर पाऊच एकेक करून आडवे निजवलेले. आत 121 अंशांची वाफ. म्हणजे भाजी निर्जंतुक करून पाकिटात भरत नाहीत, पाकिटात भरून मग निर्जंतुक करतात! आपण इतकी वर्षं ज्याला वेष्टन म्हणून फेकत आलो, ते भांडं आहे हो, भांडं!

आणि खरी गंमत त्याच्या चपटेपणात. गोल डब्यात उष्णता मधोमध पोचेपर्यंत कडेचा गाळ होतो. बोटभर जाडीच्या पाऊचमध्ये वाट कितीशी? लवकर तापतो, लवकर निवतो, म्हणून वाटाणा सबंध राहतो. चव आकारावर ठरते हे मला या वयात कळावं!

आमरसाचे डबे मात्र नुसत्या उकळत्या पाण्यात. का? तर हापूस आंबट! म्हणजे पीएच 4.6 च्या खाली, तिथे बोट्युलिझमच्या जंतूची डाळ शिजत नाही. फणसाला ते कवच नाही.

रिटॉर्टची वाफ बंद झाली, गार पाणी सुरू झालं आणि दादा कॉम्प्रेसरच्या काट्याला डोळे लावून बसला. बाहेरचा दाब उतरतो, पण आतली भाजी रटरटतच असते. वरून हवा दाबून धरली नाही तर पाऊच फटाफट फुटतात.

पाऊचची कापलेली कड मी उन्हात धरून पाहिली. कागदाहून किंचित जाड, पण आत पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियम, नायलॉन, पॉलिप्रॉपिलिन असे चार पदर. यातलं अ‍ॅल्युमिनियम सुरुवातीला नव्हतं. जपानात 1968 साली बॉन करी नावाची तयार करी बाजारात आली ती अर्धपारदर्शक पाऊचमध्ये. ती दोन-तीन महिनेच टिके, म्हणून पुढच्या वर्षी अ‍ॅल्युमिनियम आलं. आता पुन्हा पारदर्शक पाऊचची हवा आहे. त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा किंवा सिलिकाचा अतिसूक्ष्म थर असतो, त्यामुळे माल दिसतो आणि मायक्रोवेव्हही चालतो. दादालाही तेच हवंय. "गिऱ्हाइकाला फणस दिसायला नको?"

एकच गोष्ट खटकते. टिनाचा डबा भंगारवाला आनंदाने नेतो, या चार पदरांच्या पाऊचकडे ढुंकूनही बघत नाही. एकाच जातीच्या प्लास्टिकचे पाऊच येऊ लागलेत म्हणे, ते दादापर्यंत पोचायचेत. तोवर आमच्या ओट्याखाली धुऊन वाळवलेले अकरा पाऊच पडून आहेत, आणि बारावा आज रात्री कापणार आहे.