सही करण्यापूर्वी

गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या गच्चीवर २०२५च्या उन्हाळ्यात तीन किलोवॅटची सौरयंत्रणा बसली. केंद्राच्या ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेचे ७८ हजारांचे अनुदान, नेट मीटर, दक्षिणेकडे कललेली पॅनेल्स. आता वीज जाण्याची चिंता मिटली, अशा भ्रमात आम्ही दोघे होतो.

वळवाच्या एका सरीनंतर भर दुपारी वीज गेली. ढग पांगून लख्ख ऊन पडले, तरी पंखे निश्चलच. कंत्राटदाराला आम्ही फोनवर बरेच सुनावले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, कोटेशनमध्ये ‘ऑन-ग्रिड’ लिहिलंय, बॅटरी नाही. लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा शॉक बसेल.’’

हे त्याने आधी समजावून सांगायला हवे होते, असे आजही वाटते. पण वर्गात शब्दामागचा अर्थ शोधायला शिकवणाऱ्या आम्ही त्या कागदावरचे केवळ आकडे वाचले होते, आणि अर्थ विचारायचा राहून गेला होता.

हल्ली वीज गेली की उकाडा तेवढाच होतो. तक्रार मात्र ओठांवर येत नाही. कुठल्या तरी खांबावर त्या वेळी एक माणूस काम करत असतो.