समांतर

या वयात मी गाडीचा आस शिकते आहे! सध्या मुक्काम लेकाकडे, अमेरिकेत. तेरा वर्षांच्या नातवाला रिमोटच्या गाड्या दगडांवर चढवायचा नाद आहे. वेगाचं काम नाही. मुंगीच्या चालीनं, न उलटता चढायचं.

परवा त्यानं जुने आस काढून पोर्टल आस बसवले. यात आस चाकाच्या मध्याहून वर राहतो आणि प्रत्येक चाकापाशी दातेरी चाकांची जोडी तेवढं अंतर भरून काढते. मग आसाचा मधला फुगीर भाग दगडाला अडकत नाही. खऱ्याखुऱ्या उनिमॉग ट्रकलाही असेच आस असतात.

राहिलं स्टिअरिंग. गाडी वर-खाली झाली की पुढची चाकं आपोआप वळत. चाकं वळवणारी सर्व्हो मोटर सांगाड्यावर असते. तिच्यापासून चाकाकडे एक दांडा जातो. दुसरा दांडा आसाला आडवा सरकू देत नाही. दोन्ही सारख्या लांबीचे आणि समांतर असले, तरच एकसारख्या कमानीत फिरतात. नाहीतर एक दुसऱ्याला ओढतो.

"पॅरलल हवेत, आजी."

"समांतर," मी म्हटलं.

"स-मां-तर," म्हणत त्यानं स्क्रू आवळला.

एरवी फोनवर आमचं मराठी "जेवलास का?" "हो" इथेच संपतं. त्या दुपारी आस, दांडा, कमान असे किती शब्द त्याच्या तोंडी आले! डिसेंबरात मी परत जाईन. फोनवर विचारायला आता एक प्रश्न आहे: दांडे समांतर आहेत ना रे?