अंबडची पिढी, श्रीवर्धनचं शटर

अंबडला सकाळ व्हायची ती शटरांच्या आवाजाने. मोठ्या कंपन्यांची पहिली पाळी लागायच्या आधीच गल्ल्यांमधल्या छोट्या गाळ्यांची शटरं वर जायला लागायची. लेथवाले, प्रेसवाले, पावडर कोटिंगवाले, सगळे आपापल्या शटरला हात घालायचे. भाऊकाका त्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, कोणाची स्प्रिंग सैल पडली आहे आणि कोणाच्या गाइड पट्टीत ग्रीस उरलेलं नाही. आम्हा पोरांना ती जादू वाटायची. आता कळतं, की आपण वापरतो ती प्रत्येक वस्तू कान देऊन ऐकायची सवय त्या अख्ख्या पिढीलाच होती.

आमचं मूळ घर श्रीवर्धनचं. आजोबांची थोडी वाडी, त्यात नारळ आणि सुपारी. तीन मुलग्यांनी तेवढ्यावर जगणं शक्य नव्हतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, नाशिकला आधी सातपूर आणि मग मुंबई-आग्रा रस्त्यालगतचं अंबड उभं राहिलं, आणि मुंबईच्या गर्दीतून बाहेर पडणाऱ्या कारखान्यांबरोबर आमचे नाना, अण्णा आणि भाऊकाकाही घाट चढून इकडे आले. कामगारांसाठी सिडकोने सहा योजनांमध्ये घरं बांधली. आजही जुनी माणसं पत्ता सांगताना चौकाचं नाव नंतर आणि ‘चौथी स्कीम’, ‘पाचवी स्कीम’ आधी सांगतात. शेजारी खानदेशातले, पलीकडे मराठवाड्यातले, वरच्या अंगाला सिन्नरचे. प्रत्येकाचं गाव वेगळं, पण भोंगा सगळ्यांचा एकच. कारखान्यांची सुट्टी शनिवारी आणि आमच्या शाळेची रविवारी, त्यामुळे वडील दिवसभर घरात आहेत आणि आपणही घरात आहोत, असा दिवस आम्हाला फार कमी मिळाला.

नाना क्वालिटीत होते. त्यांच्या विभागात एक झाकणाची मोठी पेटी होती, सॉल्ट स्प्रे चेंबर. पाच टक्के मिठाचं पाणी आणि ३५ अंश तापमान. त्या पाण्याचं बारीक धुकं पेटीत अखंड भरलेलं असायचं आणि त्यात झिंक प्लेटिंग केलेले बोल्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्या तासन् तास ठेवायच्या. आधी पांढरी बुरशीसारखी पूड येते, तो झिंकचा गंज. मग तांबूस ठिपका येतो, तेव्हा लोखंड उघडं पडलेलं असतं. तो ठिपका किती तासांनी आला, ते वहीत लिहायचं. दर्यापासून इतक्या लांब, सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या कोरड्या नाशकात, नाना दिवसभर समुद्राची हवा तयार करत बसायचे. घरी आल्यावर सांगायचे, “ही पेटी वस्तूचं आयुष्य सांगत नाही रे. दोन वस्तूंतली कुठली आधी हरेल, एवढंच सांगते.” हे वाक्य आमच्या घरात लग्नाच्या स्थळांपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला लागू झालेलं आहे.

मे महिन्यात सगळे मिळून श्रीवर्धनला जायचो. एसटीने कसारा उतरून पनवेल, माणगाव, म्हसळा. घर उघडताना पहिली झटापट कुलपाशी. आजी पावसाळ्याआधी कुलपात खोबरेल सोडून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधायची, तरी किल्ली फिरायला कुरकुरायचीच. आतल्या दाराला मात्र लाकडी अडसर होता. तो कधीच अडकला नाही. पडवीच्या पावसाकडच्या अंगाला नारळाच्या झावळ्यांच्या झडी लागायच्या, त्यांच्यामागे सायकल, पहार, पाटा. आईचं आणि काकूचं पहिलं काम म्हणजे गोडेतेलात भिजवलेलं फडकं घेऊन विळीपासून बिजागरीपर्यंत सगळं पुसून काढणं. नाना जे पेटीत मोजायचे, ते या दोघी बोटाने मोजायच्या. बिजागरीवरून बोट फिरवून “हिचं एवढं वर्ष निभेल” असं त्या म्हणाल्या, की ते खरं ठरायचं.

आता त्याच घराला, वाडीच्या रस्त्याच्या बाजूने, आम्ही भावंडांनी गाडीसाठी शेड बांधली आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. त्याला बटणावर उघडणारं दार हवं, कारण आई आणि काकू आता वर्षातले बरेच दिवस तिथेच असतात आणि जड शटर ओढणं त्यांच्या खांद्यांना झेपत नाही. एवढ्याशा निर्णयासाठी घरात जी चर्चा झाली, तिच्यात ती सगळी पिढी पुन्हा एकदा कामावर रुजू झाली.

आधी पुण्यातल्या चुलतभावाने परदेशात असतं तसं, वर सरकून छताला समांतर होणारं दार सुचवलं. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी वर उचललं जाणारं गॅरेजचं दार १९२१ साली काढलं आणि १९२६ साली त्याला विजेची मोटर जोडली. त्या दाराची मोटर छताला टांगलेल्या रुळावर चालते. आमच्याकडे टांगायला स्लॅबच नाही, कौलाखाली वासे आहेत. शिवाय त्या दाराचा सगळा भार पिळाच्या स्प्रिंगवर आणि बारीक तारेच्या दोरावर. खारी हवा त्या तारेच्या पेडांमध्ये शिरली की बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस दोर तुटतो. नानांनी तो पर्याय तिथेच मिटवला.

मग गुंडाळतं शटर. त्यात पट्ट्या लोखंडी की ॲल्युमिनियमच्या, हा पहिला प्रश्न. जस्त चढवलेल्या पत्र्यावर १२० ग्रॅमचा लेप आणि २७५ ग्रॅमचा लेप (दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून) यांत किमतीचा फरक थोडा आणि आयुष्याचा फरक फार. दुकानात विचारल्याशिवाय हा आकडा कोणी सांगत नाही. आम्ही शेवटी पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम घेतलं, कारण ते हलकं आहे आणि मोटरवर ताण कमी येतो. पण त्यालाही एक पथ्य आहे. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू थेट बसवला आणि मध्ये खारट ओल आली, तर स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. स्क्रूसुद्धा ३०४ ग्रेडचे नकोत, ३१६ चे हवेत. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे ते जास्त टिकतात.

मोटर निवडताना प्रत्येक विक्रेता आयपी रेटिंगचा आकडा पुढे करतो. आयपी ४४, आयपी ५४, आयपी ६५. पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालेल. ते उपयोगाचं आहेच, पण त्या आकड्यात मीठ कुठेही नाही. बंद डब्यालाही श्वास असतो. दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि गार होताना दमट हवा आत ओढून घेतो. मग आतल्या सर्किटवर दव धरतं. म्हणून कंट्रोलचा डबा आम्ही शेडमध्ये ठेवलाच नाही, माजघराच्या भिंतीवर घेतला. वायर डब्यात खालच्या बाजूने शिरते आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला आहे, म्हणजे ओघळ आत जाण्याऐवजी तिथूनच गळून पडेल. डब्याच्या बुडाला बारीक भोक आहे. पालीची अंडी आणि मुंग्या यांचा बंदोबस्त म्हणून त्या भोकाला जाळी. हे सगळं भाऊकाकांचं. त्यांनी आयुष्यभर अंबडच्या पॅनेलांना वायरिंग केलं आहे.

खरा वाद वीज नसतानाच्या वेळेवर झाला. भारनियमनाची वर्षं या पिढीने काढली आहेत. प्रेस अर्ध्यात थांबल्यावर माल कसा वाचवायचा, हे त्यांना पाठ आहे. आणि ३ जून २०२० तर आम्हा सगळ्यांनाच पाठ आहे. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. वाड्यांमधले नारळ आणि सुपाऱ्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. तेव्हा आमच्या वाडीत पोचायला वाट करावी लागली ती कोयत्याने. अशा गावात बॅटरीवर चालणारी सोय किती पुरणार? शिवाय बॅटरी महिनोन् महिने वापराविना राहिली की तीच आधी मरते. म्हणून निर्णय असा झाला की मोटर बाजूला बसणारी, तिला हाताने ओढायची साखळी, आणि शेडमध्ये पडवीतून जायला एक छोटं लाकडी दार. त्या दाराला आजीचा अडसर. लाइट गेली तर काकूने पडवीतून आत जायचं आणि साखळी ओढायची. एकदा तिच्याकडून तसं करून घेतल्याशिवाय अंतिम पैसे द्यायचे नाहीत, ही आईची अट.

माझ्या मते या सगळ्यात सर्वात दुर्लक्षित गोष्ट भिंतीची आहे. चिरा सच्छिद्र असतो, त्यात फास्टनर ठोकला तर पहिल्या पावसाळ्यात पकड सुटते. गाइडच्या दोन्ही पट्ट्यांमागे आणि मोटरखाली काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात बोल्ट आधीच बसवावे लागतात. भारी मोटर घेऊन ती चिऱ्यात लटकवलेली मी किनाऱ्यावर पाहिली आहे. तसं करण्यापेक्षा साधी मोटर आणि चांगला ठोकळा केव्हाही बरा.

शटर महिनोन् महिने बंद राहता कामा नये, हेही ठरलं. घरात कोणी नसेल तेव्हा शेजारच्या दादांनी पंधरवड्यातून एकदा वर-खाली करायचं, गाइड गोड्या पाण्याने धुवायच्या आणि सुकल्यावर सिलिकॉनचा फवारा मारायचा. तेल नको, त्याला वाळू चिकटते. रिमोटमधले सेल काढून ठेवायचे. मोटरच्या लाइनवर गळती पकडणारा ब्रेकर आणि विजा कडाडतात त्या दिवसांसाठी सर्ज प्रोटेक्टर.

अण्णा आता नाहीत. त्यांच्या कपाटातला व्हर्निअर मात्र या कामात रोज हातात होता आणि शटरचे लोखंडी ब्रॅकेट त्यानेच मापं घेऊन अंबडच्या एका गाळ्यात बनवायला दिले. श्रीवर्धनजवळही ते बनले असते. पण नाना म्हणाले, “आपल्या घराचं लोखंड आपल्या डोळ्यांसमोर तयार होऊ दे,” आणि कोणालाच त्यांना नाही म्हणवलं नाही. साधं प्लेटिंग नाही, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं हॉट डिप. प्लेटिंगचा थर आठ-दहा मायक्रॉनचा असतो, हा त्याच्या कितीतरी पट जाड. ब्रॅकेट पुढच्या शनिवारी मिळतील. जाडी मोजायचं यंत्र नानांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून आणून ठेवलं आहे. प्रत्येक तुकडा चार जागी तपासायचा आणि सत्तर मायक्रॉनच्या खाली एकही जागा निघाली तर तो तुकडा परत पाठवायचा, असं त्यांनी गाळेवाल्याला आधीच सांगून ठेवलं आहे.