दुर्गाघाटावरचा नकाशा

बदलीच्या नोकरीत माणसाला घरे पुष्कळ लाभतात. शेजार मात्र एकही पुरता लाभत नाही. तीन वर्षे झाली की दूधवाल्याचा हिशेब चुकता करावयाचा आणि नव्या गावी पुन्हा नवा दूधवाला शोधावयाचा. म्हणून काशीस बदली होताच सरकारी निवासस्थान नाकारून मी दुर्गाघाटावर बिऱ्हाड केले. निदान गल्लीत मराठी कानी पडावे एवढाच हेतू. ते पडते, पण सणासुदीला ठेवणीतले भांडे काढावे तसे.

गेल्या माघात माझी भाची आपल्या तीन सहाध्यायांसह येथे येऊन राहिली. ती पुण्यास वास्तुविद्या शिकते. त्यांना विषय मिळाला होता : पाणी, अन्न, इंधन आणि केरकचरा यांसाठी शक्य तितकी स्वतःवर विसंबणारी आणि दीर्घकाळ टिकणारी, दीडशे माणसांची वस्ती आखा. इतरांनी माळरान निवडले. (माळरानावर कोणतीही वस्ती शोभते, तेथे भांडावयास शेजारी नसतो.) यांनी दुर्गाघाट निवडला, याचे मला कौतुक वाटले आणि थोडी धास्तीही.

आठ दिवस मुले फीत घेऊन हिंडली. दोन हात रुंदीच्या गल्लीत भर उन्हाळ्यातही सावली कशी टिकते, चौकातली थंड हवा खोल्यांत कशी शिरते, दगडी भिंती दिवसाची उष्णता किती उशिरा आत सोडतात, हे सारे वहीत उतरले. पुराचाही हिशेब झाला. येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर; १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरांवर गेले होते. आमच्या घरमालकीण आजींना मीटर ठाऊक नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरांनो, त्या वर्षी घाट म्हणून काही उरलाच नव्हता. रात्री निजले की उशाखाली नदी वाहते आहे असं वाटायचं." मुलांनी हे वाक्यही लिहून घेतले.

ही वस्तीदेखील कोणीतरी एकदा आखलीच होती. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर, पेशव्यांचे गुरू, अठराव्या शतकात काशीस आले. दुर्गाघाट आणि शेजारचा ब्रह्माघाट त्यांनी बांधविले. वरच्या गल्ल्यांतून दक्षिणी घरे नांदू लागली, वेदपाठ आणि अन्नछत्रे चालू लागली. पण या संसाराचे धान्य येथे पिकत नव्हते. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले यांच्या दूरच्या गावांचा वसूल त्यामागे होता. १८१८ त पेशवाई गेली, स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, आणि मुळाशी पडणारे पाणी आटत गेले.

"म्हणजे आमच्या कसोटीला ही वस्ती नापासच," एक मुलगा म्हणाला. "चूल इथे आणि सरपण शेकडो कोसांवर!"

तेव्हा मी त्यांना विनोबांची हकीकत सांगितली. १९१६ साली वीस वर्षांचा हा तरुण परीक्षेस म्हणून निघाला आणि वाटेत गाडी बदलून काशीस आला. तो अन्नछत्रात जेवे. तेथे मिळणाऱ्या दोन पैशांच्या दक्षिणेत रात्रीचे दही आणि रताळी भागवी. ७ जून १९१६ रोजी तो कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटला, आणि पुढे आपली भाकरी आपल्या हातांच्या श्रमावर कशी मिळवावी, याच प्रश्नाचा त्याने जन्मभर पाठपुरावा केला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नयी तालीम निघाली. सेवाग्रामच्या मुलांनी सूत, शेत आणि सफाई यांतूनच गणित-भूगोल शिकावा अशी ती योजना. तुमचा विषय वर्ध्यास जुनाच आहे, असे मी जरा ऐटीने म्हणालो.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मामा, अन्नछत्र होतं म्हणून तर त्यांना दोन महिने इथे विचार करायला मिळाले. अनोळखी माणसाला जेवू घालणारी जागा आम्ही आमच्या नकाशात ठेवलेलीच नाही." आणि लगेच, "आमच्या दीडशेत तुला कुठे बसवू? तीन वर्षांनी जाणारा माणूस विहिरीचा गाळ काढायला उतरेल का?"

मला उत्तर सुचले नाही. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी सात गावी राहिलो. एकाही गावच्या विहिरीची खोली मला सांगता येणार नाही.

शेवटच्या रात्री नकाशा चौकात अंथरला गेला. तळमजल्यावर समाईक स्वयंपाकघर आणि दहा पाने आता येत्याजात्यांसाठी राखली होती. आजींनी चष्मा लावून विचारले, "माझी खोली कुठली?" भाचीने बोट ठेवले. "आणि तुळस?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. पाण्याची टाकी, खताचा खड्डा, सौरपट्ट्या, सारे होते. वृंदावन तेवढे राहिले होते. भाचीने पेन्सिल काढली.

आजींच्या मुलाने घराचा सौदा ठरविला आहे. चैत्रात विसार आला. घेणारा प्रवाशांसाठी खोल्या काढणार आहे. माझ्याही बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात हाती पडला. सामान बांधताना नकाशाची माझी प्रत मात्र सापडेना. विचारले, तर आजी म्हणाल्या, ती त्यांनी तांदळाच्या डब्याखाली सपाट करावयास ठेवली आहे. मुलगा येईल तेव्हा त्याला दाखवावयाची आहे.