जंक्शनपर्यंत मोफत

वालचंदनगरच्या कारखान्यातून बाहेर पडणारा माल मी नोकरीची सगळी वर्षं पाहिला. उसाच्या चरकांचे रोलर, सिमेंटच्या भट्ट्यांचे भाग, नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स, इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग. असला माल निघाला की ट्रेलरची चाकं मोजता मोजता पोरं दमायची. पुढं एकजण बांबूनं तारा उचलत चालायचा आणि बाकीचे त्याच्यावर ओरडायचे. त्याच रस्त्यावरून पंचेचाळीस किलोची घरघंटी माझ्या दारात येऊ शकत नाही, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

घंटी मुलानं पुण्यात बसून मोबाइलवर मागवली होती. ऑर्डरच्या पानावर हिरव्या अक्षरांत ‘फ्री होम डिलिव्हरी’. ठरलेल्या दिवशी भर दुपारी फोन आला, “काका, जंक्शनला आलोय. येऊन घेऊन जा.”

बाहेरच्यांसाठी सांगतो, जंक्शन म्हणजे रेल्वेचं स्टेशन नव्हे. बारामती-इंदापूर रस्त्यावरून आमच्याकडं फाटा फुटतो तिथल्या गावाचं हे नाव. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते. तेव्हा सगळी पार्सलं अडकतात आणि कुणी तक्रारही करत नाही. पण तो काही आषाढ नव्हता.

“अरे, घरपोच आहे ना?”

“घरपोचच आहे काका. पण आमच्या कागदावर वालचंदनगर म्हणजे जंक्शनच.”

मी गेलो. विशीतलं पोरगं, भिगवणकडचं. गाडी स्वतःची, डिझेल स्वतःचं, पैसे पार्सलमागं. आत वळून घंटी उतरवण्यात जो वेळ जातो तेवढ्यात हमरस्त्यावरची त्याची चार पार्सलं होतात. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. चौकातला एक छोटा हत्ती साडेतीनशेला ठरवला, उचलायला दोन पोरं घेतली, त्यांना शंभर-शंभर. घरी आल्यावर पंधरा अँपिअरचा पॉइंट काढायला वायरमनला दोनशे. बारामतीच्या दुकानदारानं हीच घंटी दीड हजारानं महाग सांगितली होती, पण घरात आणून, जोडून, पहिलं दळण काढून देणार होता. हिशोबाला हिशोब म्हणून सांगतो : एवढं सगळं होऊनही मोबाइलवरची मला साडेसातशेनं स्वस्तच पडली. मला खटकले ते पैसे नव्हेत. दीड हजाराचा फरक मोठ्या अक्षरांत होता आणि साडेसातशेचा खर्च कुठंच लिहिलेला नव्हता.

आमच्या लहानपणी तो लिहिलेला असायचा. मासिकांतल्या जाहिरातींत किमतीखाली बारीक ओळ असे, ‘टपालखर्च वेगळा’. आपल्याकडं व्ही.पी.पी. १८७७ पासून आहे. माल पोस्टमननं आणायचा आणि पैसे त्याच्याच हातात द्यायचे. आता ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून नवलाईनं सांगतात ती हीच पद्धत. वडील दिवाळी अंक आणि आयुर्वेदिक तेलं व्ही.पी.नं मागवत. पोस्टमन ओट्यावर बसून पाणी पीत असे आणि वडील टपालखर्चासकट रक्कम मोजून देत. तेलाचे किती आणि टपालाचे किती, हे आईलासुद्धा ठाऊक असे. तेलानं केस वाढले नाहीत म्हणून ती नेमके तेवढेच पैसे काढून वडिलांना ऐकवायची.

२०२० साली ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले. एकूण किंमत दाखवा आणि तिची फोडही दाखवा, त्यात पोच करण्याचा खर्च वेगळा दाखवा, असं त्यात आहे. नियम पाळला जातोच. डिलिव्हरीपुढं चाळीस रुपये लिहिलेले असतात, त्यावर काट मारलेली असते आणि शेजारी शून्य असतं. मी मशीन शॉपमधला माणूस. एखादा जॉब या मशीनवरून त्या मशीनवर न्यायचा तर क्रेनचा वेळसुद्धा कुणाच्या तरी खात्यावर टाकलेला मी पाहिलाय. पुण्याबाहेरच्या गोदामातून इथवर वस्तू येते आणि आकडा शून्य, हे माझ्या पचनी पडत नाही.

पण म्हणून दुकानाचे गोडवे गाणाऱ्यांतलाही मी नाही. आमच्या पेठेत छत्री म्हणजे काळी आणि बूट म्हणजे जे असतील ते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्ल्यावरच्या गणपतीच्या शेजारी, जणू तीही देवाचीच. मला हवं ते पुस्तक पाहिजे तर पुण्याला अप्पा बळवंत चौकात जायचं, दिवस मोडायचा. आता ते दोन-तीन दिवसांत घरी येतं, आणि त्याबद्दल मी कुणालाही नावं ठेवणार नाही.

बायकांचं तर वेगळंच आहे. आमची ही एकदा म्हणाली, “तुम्हाला काय कळणार? आतले कपडे घ्यायला गेलं की गल्ल्यावर तुमच्या डिपार्टमेंटमधला, मापं दाखवणारा त्याचा भाऊ, आणि बाकावर चहा पीत बसलेला सुनेचा चुलता.” कंपनीच्या वसाहतीत सगळेच सगळ्यांना ओळखतात. वर्षानुवर्षं बायकांनी चुकीच्या मापाचे कपडे वापरले, कारण बरोबर माप मोठ्यानं सांगायचं नव्हतं. मोबाइलनं ही सोय केली. पेठेतल्या दुकानदारांनी ती आधीच करायला हवी होती. एक पडदा आणि एक विक्रेती बाई, एवढ्यावर भागलं असतं.

दीडेक वर्षानं घंटीची मोटर कण्हायला लागली. उघडली. बेअरिंग ६२०३. हा नंबर तोंडपाठ असण्यात माझं काही कौतुक नाही : आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२. मुलानं फोनवरच शोधून सांगितलं, जोडी एकशे नव्वदला, डिलिव्हरी मोफत. पेठेत एकाचेच दीडशेच्या पुढं. म्हटलं, मागव, बघू तरी.

आलं. या वेळी पोरगा दारात आला, कारण पार्सल खिशात मावणारं होतं. खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव. मी व्हर्निअर लावला, मापं बरोबर. पण बोटात धरून फिरवलं तर आतून खरखर, आणि बाहेरची रिंग आतल्या रिंगेवर डुलत होती. रिंगेवरचा ठसा अंगठ्यानं घासला तर फिका झाला. अस्सल बेअरिंगवरचा ठसा असा निघत नाही. ते मी मोटरला लावलंच नाही. परत न्यायलाही पोरगा दारात आला, पैसेही मुलाच्या खात्यात परत आले, कुणी एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. तोच बनावट माल पुन्हा दुसऱ्या कुणाकडं गेला असेल, आणि त्याच्याकडं व्हर्निअर असेलच असं नाही.

मग पेठेतल्या दुकानात गेलो. मोटर रिवाइंडिंग आणि इलेक्ट्रिकल असं एकत्र दुकान आहे. नंबर सांगितल्यावर दुकानदारानं ड्रॉवर उघडायच्या आधी विचारलं, “काका, पंपाची मोटर की पिठातली?”

“पिठातली.”

“मग पत्र्याच्या झाकणाचं नको, रबरी सीलचं घ्या. पीठ आत जातं आणि ग्रीसचा लगदा होतो.”

मोबाइलवर दोन्ही प्रकार होते, ‘झेडझेड’ आणि ‘टू-आरएस’, शेजारी शेजारी, एकाच भावात. मोटर पिठातली आहे का, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं. मला हे माहीत असायला हवं होतं म्हणाल, तर माझं आयुष्य तेलात आणि कुलंटमध्ये गेलं, पिठात नाही.

पैसे देताना मी त्याला विचारलं, मोबाइलवर एवढ्या स्वस्तात कसं देतात? तो हसला. म्हणाला, “ते भाडं लपवतात तसं मीही लपवतोच की. पुण्याला तपकीर गल्लीत जायचं, माल निवडायचा, एसटीत टाकायचा, इथं उतरवायचा. माझा एक दिवस, माझं जेवण, हमाली. ते मी कधी बिलावर लिहिलंय?” ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पेठेतलं बेअरिंगही पुण्याहूनच आलं होतं आणि त्याचंही भाडं मीच भरत होतो. फक्त त्या भाड्यात पिठाचा सल्ला धरलेला होता.

त्याच्या टेबलावर उधारीची वही होती. आमच्या आसपास कळंब, निमसाखर, लासुर्णे, सगळा उसाचा पट्टा. ऊस तुटून गेला की चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या आदेशाचा नियम आहे. पण पाइप, स्टार्टर, वायर, मोटरची बांधणी यांची गरज काही ऊस तुटायची वाट पाहत नाही. भर उन्हाळ्यात मोटर जळाली तर उभं पीक जातं. अशा वेळी दुकानदार म्हणतो, “न्या, बिल आल्यावर बघू.” व्याज लिहीत नाही. आधारकार्ड मागत नाही. मोबाइलवरही हल्ली उधारी मिळते, पण तारीख हुकली की दंड लागतो, आणि ज्याचं उत्पन्न वर्षातून एकदाच येतं त्याला ती मुळात मिळतच नाही.

त्यानं वही उघडून दाखवली नाही, मी पाहायला मागितलीही नाही. एवढंच म्हणाला, “याच लोकांच्या घरी टीव्ही, मिक्सर, पंखे मोबाइलवरून येतात. रोखीत.”

मला वाटतं, या सगळ्या वादातली खरी गोम इथं आहे. स्वस्त मिळतंय तिथून घ्यावं, त्यात पाप नाही. मी घंटी घेतली, पुन्हाही घेईन. पण रोख मोबाइलला आणि उधारी दुकानाला, हा व्यवहार मला नासका वाटतो. ज्या नफ्यावर तो उधारी पेलत होता तो पंख्या-मिक्सरमधून निघायचा. तो नफा बाहेर गेला की वही बंद होणार, आणि मग मे महिन्यात जळालेली मोटर घेऊन कुणाकडं जायचं? ऑनलाइनवाले लुटतात म्हणून गळे काढणारेही मला पटत नाहीत. लुटत कुणी नाही. जो तो आपापलं भाडं दुसऱ्याच्या अंगावर टाकतो आहे, आणि ज्याला पुढं टाकायला कुणी उरत नाही त्याच्या अंगावर ते राहतं.

हे मला माझ्या भाचीनं जास्त नीट समजावलं. ती इंदापूरला असते. गव्हाच्या कुरडया करते, चीक स्वतः काढून. आधी ऑनलाइन विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नंबर सक्तीचा होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला आपल्या राज्यापुरतं विकायला ती सक्ती उरली नाही, तेव्हा हिनं सुरुवात केली. अन्न सुरक्षेची नोंदणी काढली, वर्षाला शंभर रुपये. फोटो काढले, खोकी आणली. पहिल्या महिन्याचा हिशोब आला तेव्हा वही घेऊन माझ्याकडं आली. “मामा, एक किलो कुरडया पाठवल्या आणि भाडं पाच किलोचं कापलंय.”

मी खोक्याला टेप लावली. लांबी ४०, रुंदी ३०, उंची २० सेंटिमीटर. कुरिअरवाले तिन्हींचा गुणाकार करून ५००० नं भागतात आणि खरं वजन व हे वजन यांत जे जास्त त्याचे पैसे घेतात. २४००० भागिले ५०००, म्हणजे ४.८, वर ढकलून पाच किलो. कुरडई म्हणजे बहुतेक हवाच. ती दाबून भरता येत नाही, भुगा होतो. गिऱ्हाइकाच्या पानावर डिलिव्हरी मोफत, आणि इकडं तिच्या पैशांतून भाडं वजा, कमिशन वजा, त्या दोन्हींवर अठरा टक्के जीएसटी वजा. एका बाईनं पार्सल घेतलंच नाही, ते फिरून परत आलं, त्याचंही भाडं हिच्याच नावावर. आतल्या कुरडयांचा चुरा झालेला. तो आम्ही सगळ्यांनी पोह्यांसारखा भाजून खाल्ला.

किंमत वाढव, म्हटलं. तर म्हणाली, “वाढवली की मी यादीत खाली जाते. तिसऱ्या पानावर कोण येतंय कुरडया शोधत?”

तिनं आता तिथलं दुकान बंद केलंय. फोनवर ऑर्डर घेते, पैसे यूपीआयनं आधी. पत्र्याच्या डब्यात भरून इंदापूर स्टँडवर पार्सल देते. पुण्याच्या लोकांनी स्वारगेटला जाऊन डबा घ्यायचा, आणि रिकामा डबा परत पाठवला तर पुढच्या वेळी त्याचे पैसे वजा. गिऱ्हाइकं आधीपेक्षा कमी आहेत, पण हिशोबात वजाबाक्या नाहीत. तिच्या पावतीवर दोन ओळी असतात, कुरडया आणि एसटीचं भाडं. तुम्हाला हव्या असतील तर फेब्रुवारीतच सांगून ठेवा. चीक ऊन तापल्यावर निघतो आणि मेअखेरीस माल संपतो. भाडं वेगळं पडेल.