गुणगुण

अण्णांच्या घरात नातवाच्या लग्नाची तयारी सुरू होती. हळदीच्या दिवशी जात्याची पूजा झाल्यावर आक्कांच्या आवाजातील ओव्या लावाव्यात, ही सर्वांची इच्छा होती. आक्का जाऊन नऊ वर्षे झाली. 1986 साली थोरल्या लेकीच्या लग्नात त्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या. त्या अण्णांनी स्वतः एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. एवढीच एक खूण मागे उरली होती.

सांगलीच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवलेल्या अण्णांना एकच शौक होता, गाणे ऐकण्याचा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात अॅम्प्लिफायर, कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन मोठे स्पीकर त्यांनी जिवापाड जपले होते. अलीकडे मुलाने टीव्हीचा आवाजही त्याच अॅम्प्लिफायरला जोडून दिला होता. त्या दिवशी बऱ्याच काळाने अण्णांनी कॅसेट लावली आणि आक्कांच्या आवाजाआधी ऐकू आली ती एक संथ, जाड गुणगुण. ओव्यांचा आवाज मुळात बारीक होता. तो वाढवावा तर गुणगुणही वाढे. आक्का जणू भिंतीपलीकडून गात होत्या.

अण्णांच्या पोटात गोळा आला. फीतच खराब झाली असेल तर आता उपाय नव्हता. अकरावीत शिकणाऱ्या नातीने डेकचे बटण दाबून कॅसेट थांबवली. ओव्या थांबल्या, गुणगुण मात्र तशीच राहिली.

“आजोबा, हा आवाज फितीत नाहीच. यंत्रात आहे,” ती म्हणाली.

ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावले गेले. त्याने पाच मिनिटे पाहिले, अॅम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग काढून तेथे दोन पिनांचा बसवला आणि यंत्र सुरू केले. गुणगुण नाहीशी झाली. घरातील सर्वांना हायसे वाटले. पैसे घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी नुकतीच पुसलेली होती. नात अनवाणी आली आणि तिने आवाजाच्या धातूच्या बटणाला हात लावला. “आई गं!” म्हणून तिने हात मागे घेतला. झटका फार मोठा नव्हता, पण कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. अण्णांनी आधी भिंतीवरचे बटण बंद केले, मग प्लग उपसला आणि नातीचा हात हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

“लग्न चार दिवसांवर आलंय, अण्णा. राहू दे ती कॅसेट आता,” मुलगा म्हणाला.

“कॅसेट राहील रे. पण आवाज गेला आणि झटका आला, याचा हिशेब लागला पाहिजे,” अण्णा म्हणाले.

रोकड जुळत नाही म्हणून फरकाची रक्कम खिशातून टाकून वही मिटणे, हे अण्णांनी दुकानात कधी केले नव्हते. कीर्द आणि खतावणी समोर घेऊन एकेक नोंद तपासायची, चूक सापडेपर्यंत उठायचे नाही, हा त्यांचा नेम होता. त्याच नेमाने ते यंत्रांसमोर बसले. अॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग पुन्हा बसवला गेला. गुणगुण परत आली आणि तपास सुरू झाला.

प्रथम आवाजाचे बटण शून्यावर नेले. गुणगुण थांबली. ती शून्यावरही टिकून राहिली असती, तर दोष बहुधा अॅम्प्लिफायरच्या पोटात, वीज गाळून सपाट करणाऱ्या जुन्या कपॅसिटरमध्ये निघाला असता. घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने घेतो. कपॅसिटर थकले की ऐकू येणारी गुणगुण प्रामुख्याने त्याच्या दुपटीची, 100 आवर्तनांची म्हणजे एक सप्तक वरची असते. नातीने फोनवर आवाजाचा आलेख पाहिला. सर्वांत उंच रेघ 50 वरच होती. अॅम्प्लिफायर निर्दोष ठरला. आवाज बाहेरून आत येत होता.

मग मागच्या सर्व तारा काढल्या. शांतता. कॅसेट डेक जोडला, तरीही शांतता. रेकॉर्ड प्लेअर जोडताच किंचित घरघर उमटली. त्याची केसासारखी बारीक अर्थिंगची तार स्क्रूखालून निसटली होती. ती घट्ट करताच घरघर गेली. पण ही किरकोळ नोंद होती, मोठा फरक अजून सापडायचा होता. शेवटी टीव्हीची तार जोडली आणि तीच जाड गुणगुण खोली भरून उमटली.

टीव्ही बंद केला, प्लगही काढला, तरी ती जाईना. नातीने सेट-टॉप बॉक्सच्या मागची, खिडकीतून आत येणारी केबल फिरवून बाहेर काढली. त्याच क्षणी सगळे शांत झाले. केबल टेकवली की गुणगुण, दूर केली की शांतता. तीन वेळा करून पाहिले.

शेजारच्या वायरमनने मल्टिमीटर आणला. केबलच्या टोकाचे धातूचे कडे आणि घराचे अर्थिंग यांच्यात 38 व्होल्ट दिसले. ज्या कड्यावर वीज असण्याचे कारणच नव्हते, तेथे ती होती. गल्लीभर फिरलेल्या त्या केबलवर कुठून तरी गळतीची वीज येत होती. अॅम्प्लिफायरला अर्थिंग होते तोवर ती वीज टीव्हीच्या तारेच्या वेष्टनातून अॅम्प्लिफायरमध्ये आणि तेथून जमिनीत जात होती. गाण्याची तारही तीच असल्याने जाता जाता स्पीकरमध्ये गुणगुणत होती. दुरुस्तीवाल्याने अर्थिंग तोडले तेव्हा वाट बंद झाली आणि आवाज थांबला. वीज मात्र थांबली नव्हती. ती अॅम्प्लिफायरच्या धातूच्या अंगावर वाट पाहत उभी राहिली. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या मुलीने हात लावताच तिला पुन्हा वाट मिळाली.

“म्हणजे ती गुणगुण आपल्याला सांगत होती,” सूनबाई हळूच म्हणाल्या. “आणि आपण तिचं तोंड बंद केलं.”

मुलगा काही बोलला नाही. संध्याकाळी तो स्वतः केबलवाल्याकडे गेला आणि त्याच्या माणसाला घेऊनच परतला. खांबावरच्या पेटीतील दोष दुरुस्त झाला. मल्टिमीटरचा आकडा दोनच्या खाली आला. तेवढ्यानेही ऐकू येईल न येईल अशी गुणगुण उरली. त्यासाठी टीव्ही आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये काडेपेटीएवढा एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. त्याच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. ती एकमेकांना टेकत नाहीत. गाणे एका वेटोळ्यातून दुसऱ्यात चुंबकीय क्षेत्राच्या आधारे पोहोचते आणि भटक्या विजेला पलीकडे जायला तार उरत नाही. अर्थिंगची पिन मात्र जागच्या जागी राहिली.

रात्री जेवणे आटोपल्यावर अण्णांनी दिवाणखान्यात एकट्याने कॅसेट लावली. नात दाराशी थांबली होती.

या वेळी भिंत नव्हती. फितीची बारीक सळसळ आणि तिच्यावर आक्कांचा स्वच्छ आवाज. जात्याची घरघर, बांगड्यांचा नाद, कुणा लहान मुलाचे रडणे. दहा-बारा मिनिटांनी ओव्या थांबल्या. आजवर अण्णा येथेच कॅसेट बंद करीत. या वेळी त्यांचा हात उठला नाही. दमलेल्या श्वासानंतर आक्का बोलल्या, “अहो, लागलंय का ते यंत्र? अजून दोन म्हणू?”

आणि पाठोपाठ एका तरण्या, घाईच्या पुरुषी आवाजाने उत्तर दिले, “पुरे आता. फीत संपेल.”

अण्णांनी तो आवाज ओळखायला क्षणभर वेळ घेतला. फीत पुढे फिरत राहिली. तिच्यावर काहीही नव्हते. त्या बाजूची उरलेली अठरा मिनिटे कोरीच होती. ती संपून डेकचे बटण खट्कन वर येईपर्यंत अण्णा बसून राहिले.

हळदीच्या दिवशी आक्कांच्या ओव्या संपल्या तेव्हा जात्याशी बसलेल्या थोरल्या लेकीला गप्प बसवेना. आईची ओवी जिथे थांबली होती, तिथूनच तिने पुढची उचलली. नात फोनवर सारे टिपत होती. बऱ्याच वेळाने तिने अण्णांकडे पाहून खुणेने विचारले, बंद करू का?

अण्णांनी मान हलवली. “नको. तिला हवं तेवढं म्हणू दे.”