'तडीपार'बद्दल माझं मत का बदललं

रॅपर एमसी स्टॅनचा 'तडीपार' हा अल्बम २०२० साली आला, तेव्हा मी तो ऐकला नव्हता. तरी त्याबद्दलचं माझं मत पक्कं होतं: पोरं बिघडवणारा माल.

या मताला माझ्या धंद्याचा आधार होता. वाशीममध्ये बातमीदारी करायची म्हणजे तडीपारीच्या बातम्या आल्याच. गणपती जवळ आले, आचारसंहिता लागली, की पोलिसांचे प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातात, आदेश निघतात आणि संध्याकाळी प्रेस नोट येते. नाव, वय, मोहल्ला, दाखल गुन्हे, कलम ५५ नाहीतर ५६, मुदत. कधी नुसत्या वाशीम जिल्ह्यातून, तर कधी लगतच्या अकोला-हिंगोलीतूनही. मी मथळ्यात 'सराईत' घालायचो, चार ओळी सरळ करायचो आणि पुढच्या बातमीला लागायचो. ज्या आदेशाने माणसाचं घर सुटतं, तो कुणी आपल्या पहिल्याच अल्बमच्या कपाळावर लावून मिरवावा, हे मला मुळीच पटत नव्हतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टॅन 'बिग बॉस' जिंकला आणि माझी चीड वाढली. पाटणी चौकात उभं राहिलं की त्याच्यासारखे केस आणि गळ्यात खोट्या साखळ्या घातलेली पोरं दिसायची. त्याच सुमारास तलवारीने केक कापायचा, त्याचं रील टाकायचं आणि मग पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा, हा राज्यभरातला नित्याचा प्रकार झाला होता. मी दोन्ही गोष्टींची सरळ सांगड घातली. गाण्यात गुन्हेगारी, म्हणून चौकात भाईगिरी. हिशोब जुळत होता.

तो बिघडवला माझ्या पुतण्याने. तो चाकणला कंपनीत आहे. दिवाळीला घरी आला असताना माझं प्रवचन चालू होतं. त्याने शांतपणे विचारलं, "पुरं आयकलं काय काका तुमी? का नुसती साखळीच पायली?"

उत्तर नव्हतं. म्हणून ऐकलं.

पहिल्या खेपेला निम्मं कळलं नाही. स्टॅन म्हणजे अल्ताफ शेख, १९९९ चा जन्म, पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला. लहानपणी कव्वाली गायलेला. त्याची भाषा ही वस्तीतली हिंदी, तिच्यात पुणेरी मराठी शिव्या आणि मधूनच अल्लाचं नाव. आवाजावर ऑटोट्यूनचा थर. पण दुसऱ्यांदा ऐकताना मला जे सापडेल असं वाटलं होतं, ते सापडेना. मी गुन्ह्याचा जयजयकार शोधत होतो. फुशारकी होती, भरपूर होती. पण फुशारकीच्या खाली सतत एक धाकधूक होती. दोस्त उलटेल ही भीती, पोलिसांची भीती, आईबापाला तोंड कसं दाखवायचं ही भीती. गुन्हेगारी परवडते असं वाटायला लावणारं हे गाणं नव्हतं. आपल्या वस्तीकडे गाव कोणत्या नजरेने बघतं, हे पुरतं ठाऊक असलेल्या पोराचं ते बोलणं होतं. आणि ती नजर माझ्या मथळ्यांतली होती.

माझ्या कपाटात नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आहे. १९७२ चा, त्यांचा पहिला संग्रह, तेंडुलकरांच्या प्रस्तावनेचा. त्यात कामाठीपुरा आहे, भडवे आहेत, दारू आहे आणि सभ्य माणसाने तोंडात धरू नयेत असे शब्द आहेत. तो मी तरुणपणी छाती पुढे काढून वाचला आणि इतरांना वाचायला लावला. त्याच्यामुळे कुणी बिघडेल असं मला कधी वाटलं नाही. मग 'तडीपार'चंच का वाटलं? 'गोलपिठा' पुस्तक होतं, त्याला समीक्षा होती, मान्यता होती. 'तडीपार' मोबाइलवर होता आणि ऐकणारी पोरं ऑटो चालवणारी, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसणारी. माझा आक्षेप मजकुरापेक्षा ऐकणाऱ्यांवर जास्त होता. दोघांची उंची सारखी आहे असं मी म्हणत नाही. ढसाळ ढसाळच. पण दोघांना मी वेगवेगळी मापं लावत होतो, हे नाकारता येत नाही.

पुतण्यानेच मग या प्रकारच्या रॅपचा एक जुना नमुना दाखवला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडचा रेक्वॉन हा वू-टँग क्लॅन या टोळक्यातला रॅपर. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याचा 'ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स' हा पहिला एकट्याचा अल्बम आला. सोबतीला बहुतेक गाण्यांत घोस्टफेस किला आणि संगीत रिझाचं. मूळ कॅसेट जांभळ्या प्लास्टिकची, म्हणून ती 'पर्पल टेप' या नावाने गाजली. काळ्या वस्तीतल्या या पोरांनी इटालियन माफियासारखी टोपणनावं घेतली, मधेमधे जॉन वू यांच्या 'द किलर' सिनेमातले संवाद पेरले आणि एक गोष्ट रचली: या धंद्याला विटलेले दोन मित्र, त्यातून बाहेर पडू बघणारे. पुढे जे-झीपासून नॅसपर्यंत अनेकांनी ही माफियाची झूल पांघरली. झूल सिनेमाची होती, आतली गोष्ट सुटकेच्या धडपडीची. स्टॅनने तर सिनेमातल्या डॉनचं नाव घेतलं नाही. त्याने महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यातली कारवाईच उचलली.

तलवारीच्या केकचं काय? त्याचं खापरही आता मी अल्बमवर फोडत नाही. चौकाचौकांत 'भाई'च्या वाढदिवसाचे फलक कोण लावतं, हे वाशीमला ठाऊक आहे. त्या वाढदिवसांच्या पानभर जाहिराती आम्ही छापतो आणि त्यांचं बिलही लावतो. पोरांनी भाईगिरी शिकायची ठरवली, तर त्यांना हेडफोन लावायची गरज नाही.

म्हणून मी स्टॅनचा भक्त झालो असं मात्र नाही. बाईबद्दल त्याच्या गाण्यांतून जे येतं, ते मला तेव्हाही खपत नव्हतं, आजही खपत नाही. पैशाचं प्रदर्शन कंटाळा आणतं. माझ्या मुलीने हे ऐकावं का, असं विचाराल तर ऐकावं, आणि जिथे खटकेल तिथे खटकलं म्हणून सांगावं.

फरक पडला तो माझ्या कामात. मी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ पुन्हा उघडला. साक्षीदार भीतीपोटी उघड साक्ष द्यायला पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं तर कलम ५६ चा आधार घेता येतो. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. पण आदेशाआधी कलम ५९ प्रमाणे नोटीस देऊन त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं आणि कलम ६० खाली त्याला ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो जपून वापरला पाहिजे, कारण त्याने नागरिकाच्या मुक्त संचाराच्या मूलभूत हक्काला बाध येतो. इतकी वर्षं ही बातमी देताना त्या माणसाचं म्हणणं मी एकदाही छापलं नव्हतं. प्रेस नोटमध्ये ते नसतं, म्हणून बातमीतही नसायचं.

तडीपार होणाऱ्यांतले काही जण खरोखर गल्लीला जाच करणारे असतात आणि ते गेल्यावर लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. ती बाजूही मी लिहितो, लिहिणार. पण ज्या जिल्ह्यात बंजारा समाजाचं पोहरादेवी तीर्थ आहे, तिथे जन्मावरून गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या कायद्याची आठवण पुसलेली नाही. शिक्का मारणं किती सोपं असतं, हे इथे तरी कुणी नव्याने सांगायला नको.

बातमीदार मित्रांना एकच विनंती. पुढची तडीपारीची प्रेस नोट हातात आली की मथळा देण्याआधी दोन फोन करा, एक त्याच्या घरी आणि एक त्याच्या वकिलाला. अपील केलंय का, एवढं तरी विचारा आणि जे उत्तर मिळेल ते छापा.